थांबणारं पिंप

“अडकलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं,” सासूबाई म्हणाल्या. “खोटं बोलू का?”

“अडकलं नव्हतं, आई. मी धरलं होतं.”

“साहेबासमोर?”

“साहेबासाठीच.”

वाद कालपासून चालू होता. बंदराच्या भिंतीबाहेर लाटांवर वरखाली होणाऱ्या पिवळ्या पिंपातून वीज काढणं, ही सुनेची नोकरी. पिंपाला मोकळं सोडलं तर त्याचा नि लाटेचा मेळ बसत नाही, वीज जेमतेम मिळते. म्हणून ते वर पोचलं की क्षणभर धरायचं, पाणी खाली जाऊ द्यायचं आणि मग सोडायचं. किती धरायचं, हे येणाऱ्या लाटेचा अंदाज घेऊन ठरतं. तो हिशेब बसवण्यात तिची ऐन उमेदीची वर्षं गेली होती. तेवढ्या काळात लोकांनी घरं बांधली.

काल मोठे साहेब पाहायला आले होते. घरच्यांनाही बोलावणं होतं. पिंप लाटेच्या माथ्यावर थांबलं आणि सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, “अगं बाई, अडकलं!”

पाहुणे हसले. साहेब हसले नाहीत. लोकांना असं दिसणार असेल तर ते धरणंबिरणं काढूनच टाका, म्हणाले. सून हटून बसली, तेव्हा खवळत्या समुद्राचा एक हंगाम मिळाला. बंदरावरच राहून, धरल्याने वीज जास्त मिळते हे सिद्ध करा, नाहीतर काढा.

“आणि घर?” नवरा म्हणाला. तो भांडण मिटवायला आला होता. नेहमी त्यासाठीच यायचा आणि तेल ओतून जायचा. “आईचा गुडघा? औषधं कोण देणार? मला तर डबीसुद्धा सापडत नाही.”

“डबी तुझ्या नाकासमोर असते.”

“तेच तर म्हणतोय मी!”

मग त्याचा आवाज चढत गेला. शेजारी काय म्हणतील, इथपासून त्या पिंपाशीच लग्न करायचं होतंस, इथपर्यंत. शेवटी तो दम खायला थांबला.

सासूबाई गुडघा चोळत होत्या. “तिथं राहायच्या खोलीतून दिसतं का गं ते?”

“खिडकीतून समोरच.”

“मग नीट बघते एकदा. अडकलं तर अडकलंच म्हणेन हं. तुझी भीड नाही ठेवणार.”

“नका ठेवू.”

तिने ताटं उचलली आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, “सोमवारी मी आणि आई बंदरावर राहायला जातोय. हंगाम संपला की येऊ. डबी आमच्याबरोबर येतेय, शोधू नकोस.”