साडूंचं तेलपुराण

आमच्या मोठ्या साडूंइतका मशीनच्या पोटात शिरलेला माणूस अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात दुसरा नाही, आणि ते बरंच आहे. दोघे असते तर पाहुणे घर सोडून पळाले असते. चंद्रपूरला ते पोरांना मोटारींचं शिक्षण देत आणि सुट्टीत उरलंसुरलं नातेवाइकांना. बायकोच्या बहिणीचा नवरा, म्हणजे मला तर सुटकाच नाही! ऑटोमॅटिक गाडीतला टॉर्क कन्व्हर्टर हा त्यांचा जीव की प्राण. माझ्या साखरपुड्यात त्यांनी मांडवातले दोन पंखे तोंडाला तोंड लावून ठेवले आणि एकच चालू केला. त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरायला लागला. "पाहा! मधात वाऱ्याच्या जागी तेल समजा. इंजिन एक पंखा फिरवते, तेल दुसऱ्याले फिरवते, न गाडी चालते. क्लचची भानगडच नाई!" पाहुणे घामानं निथळत होते, पण पंखा परत मागायची कुणाची छाती झाली नाही.

दुसरा नाद कान लावण्याचा. कुणाकडेही गेले की चहाच्या आधी मिक्सरला कान. घुग्घुसला खाणीचे डंपर जाताना हे धुळीत डोळे मिटून उभे. कन्व्हर्टरच्या तेलात बुडबुडे होऊन फुटायला लागले की खरखर येते आणि पाती खरवडून निघतात म्हणे. आम्ही हसायचो.

बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा साडू आमच्याकडे धानोऱ्यालाच होते. माझी प्रवासी जीप गॅरेजात, म्हणून त्यांची जुनी ऑटोमॅटिक काढली. ते बैलगाडीच्या चालीनं हाकतात, म्हणून स्टिअरिंगवर मी बसलो. वाटेत पूल खोदलेला, रस्ता नाल्यातून वळवलेला. नाल्यातून वर चढताना गाडी जी अडली ती अडलीच. मी रेस देतोय, इंजिन बोंबलतंय, चाक हलेना.

साडूंनी डॅशबोर्डला कान लावला. "थांब! न्यूट्रल कर. तेल उकळून राह्यलं! सारा जोर तापण्यात चालला, चाकाले कायच पोचून नाई राह्यलं. त्याले दम घेऊ दे."

मागून बायको कडाडली, "इथी माहा जीव चालला, न तुमाले तेलाची पडली?"

देवाशपथ, मी त्यांना गाडीतून ढकलणारच होतो. तेवढ्यात त्यांनी खाली पाहिलं. "बापू, डावा पाय कुठी हाये तुहा?"

पाय ब्रेकवर! जन्मभर जीप हाकलेला माणूस मी. क्लच नाही म्हटल्यावर डावा पाय आपला शोधत शोधत ब्रेकवर जाऊन बसला होता. साडूंनी घोटा धरून माझ्या त्या पायाची सीटवर चक्क मांडी घातली. तेलाला दम खाऊ दिला. मग गाडी अशी अलगद वर चढली की बायकोसुद्धा ओरडायची थांबली.

गडचिरोलीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाळ बाळाच्या मानेला गुंडाळली होती, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. पोरगी वाचली. त्या माणसाचे उपकार मी कसे फेडू? सात जन्मांतही फिटणार नाहीत.

आता साडूंना ऐकू येत नाही, पण ते कबूल करत नाहीत. मध्यंतरी आम्ही चंद्रपूरहून निघताना पोरीनं त्यांचा हात धरून त्यांना आमच्या गाडीपाशी नेलं आणि मोठ्यानं विचारलं, "मावसाजी, आवाज बरोबर आहे का, पाहा ना." त्यांनी बॉनेटला कान टेकवला, डोळे मिटले. बराच वेळ तसेच राहिले. मग म्हणाले, "एकदम मस्त, बेटा. जा बिनघोर."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी अजून चावी फिरवलीच नव्हती.