हात थांबवणारं उत्तर

"हात थांबला काय रे?" दहावीच्या वर्गात शिरताच सर हेच विचारायचे. नवीन माणूस चक्रावून जायचा. मीही चक्रावले होते. मी गणिताची, देवरूखजवळच्या त्या शाळेत नुकतीच रुजू झालेली. ते इतिहासाचे, निवृत्तीला आलेले.

भानगड अशी होती. इतिहासाचं मोठं उत्तर पाठ करायचं नाही, असा सरांचा दंडक. ते घरी कामात असलेल्या माणसाला सांगायचं. ऐकणाऱ्याचा हात थांबला तर उत्तर तयार. आई भाकरी थापतच राहिली तर पुन्हा वाचायचं, पुन्हा सांगायचं. पूर्वपरीक्षेच्या दिवसांत गावातल्या आया वैतागून जायच्या. एक तर तक्रार घेऊन शाळेत आली. "सर, पोरगा वर्तमानपत्रांचा इतिहास सांगत होता, माझी भाकरी करपली." सर खूश. पोराला पैकीच्या पैकी.

एका बहाद्दराने आजोबांचा हात थांबल्याचं सांगितलं. "झोपले होते काय रे?" सरांनी विचारलं. पोरगं खाली बघायला लागलं.

तुम्हीही असे एखादे सर पाहिले असतील. आम्ही बाकीचे शिक्षक त्यांना हसायचो. मग त्या वर्षी एक मुलगी पूर्वपरीक्षेत इतिहासात नापास झाली. गाइड पाठ करून आलेली. पहिलं वाक्य आठवेना, म्हणून पुढचं सगळंच गेलं. मोठ्या प्रश्नांची पानं कोरी. तिचे आईवडील मुंबईला, ती गावात आजीजवळ. दहावी सुटली नाही तर मुंबईला नेऊन काकाचं लहान मूल सांभाळायला ठेवायचं, हे घरात ठरून गेलं होतं.

"आजीला सांगितलंस काय उत्तर?"

"आजीला ऐकू येत नाय, सर."

सर म्हणाले, "मला सांग. उद्यापासून, शाळा सुटल्यावर."

दुसऱ्या दिवशी ते डब्यातून मोड आलेले वाल घेऊन आले. "घरी सोलून द्यायचेच आहेत," मला म्हणाले. "हाताला काम नको काय, बाई?" व्हरांड्यात ते वाल सोलत बसायचे आणि ती समोर उभी राहून सांगायची, 'ऐतिहासिक स्थळे ही राष्ट्राची संपत्ती होय.' हात काही थांबेना. मला पोरीची दया यायची.

"सर, एकदा तरी थांबवा की," मी म्हटलं.

"खोटं कशाला थांबवू? बोर्डाच्या परीक्षेत मी नसणार ना, बाई."

एक दिवस तिला गाइडचं काहीच आठवेना. रडकुंडीला येऊन ती भलतंच बोलायला लागली. "आमच्या पऱ्याच्या पाण्यात कपडे धुवायचा दगड आहे, सर. त्याच्यावर घोडा कोरलाय. वरचा माणूस झिजला, घोडा अजून दिसतो."

सरांच्या चिमटीतला वाल चिमटीतच राहिला. "वीरगळ तो. लढाईत पडलेल्या कुणाचा तरी. मग?"

"मी घोड्यावर साबण लावत नाय."

"हेच लिही," सर म्हणाले. "आधी घोडा लिही, मग जतन कसं करायचं ते लिही."

मी घाबरले. पोरीचं वर्ष पणाला लागलेलं, पेपर तपासणाऱ्याला घोडा चालेल का? "तो पण कुठल्या तरी गावचाच असेल, बाई," सर म्हणाले. बोलले खात्रीने, पण परीक्षेच्या दिवशी पेपर सुटेपर्यंत केंद्राच्या फाटकाशी उन्हात उभे होते.

निकालाच्या आधीच, ऐन आंब्याच्या दिवसांत, सर झोपेत गेले. मला ते अजून पटत नाही.

मुलगी पास झाली, इतिहासात तर चांगल्या गुणांनी. तिला न्यायला आलेला काका एकटाच मुंबईला परतला. मी तिला घेऊन सरांच्या घरी गेले. तिने पेढ्यांचा पुडा पुढे केला. सरांच्या पत्नीने, काकूंनी, पेढा घेतला, पण तो हातातच राहिला.

"संध्याकाळी आले की तुम्हां पोरांची उत्तरं मला ऐकवायचे," त्या म्हणाल्या. "तुझं तेवढं सांगितलं नाही गो. निकाल लागला की सांगतो, म्हणाले होते."

मुलगी ओटीवर त्यांच्यासमोर बसली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.