दिंडोरीच्या दुसऱ्या जावयाचा चाकू

आता हसायचंच असेल तर आधीच हसून घ्या. एकदा मी सांगायला लागलो की मध्ये हसलेलं मला चालत नाही. तसंही आमच्या सासुरवाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे प्रकरण निम्मंशिम्मं पोचलंय, आणि तेही बायकोकडून. म्हटलं, तिखटमीठ लावायचंच आहे तर आपल्या हातानं लावू.

मी धंद्यानं ड्राफ्ट्समन. नाशकात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात बसून लोकांच्या बंगल्यांचे नकाशे काढतो. सासुरवाडी दिंडोरीची. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांची द्राक्षबाग आहे. आणि अण्णांची एक पद्धत आहे. काढणीच्या दिवशी, व्यापाऱ्याची गाडी बागेत शिरायच्या आधी, पहिला घड घरच्या जावयानं तोडायचा आणि बांधावरच्या म्हसोबापुढे ठेवायचा. बस, एवढंच. पण त्या एका घडासाठी अख्खं घर चपला काढून उभं असतं हो! सात वर्षं तो मान माझा होता. ऑफिसात मला कुणी विचारत नाही, सोसायटीत पार्किंग मिळत नाही, पण त्या सकाळी मी म्हणजे मी.

मग मेहुणीचं लग्न झालं आणि प्रमोद आला.

प्रमोद म्हणजे माझा साडू. चांदवडचा, कांद्याचा व्यापारी. उंचापुरा, हसतमुख. आणि सगळ्यात वाईट गोष्ट सांगू? स्वभावानं चांगला. माणूस हलकट असता तर जळायला किती सोपं गेलं असतं!

गेल्या वर्षी काय झालं, मी नेहमीसारखी बागेतली गंजकी कात्री घेऊन पुढे झालो. कात्री काही चालेना. घड नुसता हलतोय, देठ तुटत नाही. तेवढ्यात प्रमोदनं खिशातून एक चाकू काढला. घडीचा, बोटभर लांब. कुणा मित्रानं बाहेरदेशातून आणून दिलेला. पात्याला नखापुरती खाच. त्यानं अंगठ्याचं नख त्या खाचेत घातलं आणि पातं उघडलं. कसला मस्त आवाज आला म्हणता!

अण्णांनी तो चाकू हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. आणि म्हणाले, "यंदा प्रमोदरावांनाच तोडू द्या."

यंदा प्रमोदरावांनाच! आणि मी? मी कात्री धरून उभा. फोटोत पण तसाच आलोय, कात्रीवाला मी. तो फोटो ग्रुपचा डीपी झाला, वर्षभर होता.

जेवणं झाल्यावर प्रमोद आडवा झाला आणि त्याचा शर्ट खुंटीला होता. मी काय केलं असेल? चाकू हळूच काढला, एका लग्नपत्रिकेच्या मागे ठेवला आणि पेन्सिलीनं त्याच्या कडेनं रेघ ओढून घेतली. हसू नका म्हटलं ना! धंदाच तो माझा. पातं बरोब्बर तीन इंच. आत कुलूप नाही, खटका नाही. पाठीत एक पोलादी पट्टी असते, ती पात्याला दाबून धरते. उघडलं की उघडं राहतं, मिटलं की मिटलेलं. सगळी करामत त्या पट्टीची.

दिवाळी झाली तसा मी नकाशा काढायला बसलो. प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन. मुठीला शिसवी लाकूड, टोकांना पितळ, पितळेवर द्राक्षाचं पान.

वैशाली, म्हणजे आमची ही, मागून बघत होती. "आपल्या किचनच्या ओट्याचा नकाशा मागून चार वर्षं झाली."

"हे जास्त महत्त्वाचं आहे."

"भाजी कापायला?"

बायकांना मानपान कळत नाही असं मी मनात म्हटलं. मनातच.

पंचवटीत एका गल्लीत रामभाऊंचं दुकान आहे. पिढीजात अडकित्ते करणारे. अडकित्त्याचा खिळा इतका मऊ फिरतो की हा माणूस चाकू करणार तर उत्तमच करणार. गेलो. नकाशा पुढे ठेवला. रामभाऊंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"सायेब, हात दाखवा."

दाखवला. त्यांनी दोऱ्यानं माझा पंजा मोजला. मग म्हणाले, "पातं किती?"

"सव्वातीन." प्रमोदपेक्षा पाव इंच जास्त. पाव इंचात माणसाची इज्जत असते.

त्यांनी भिंतीवर खडूनं सव्वातीन इंचाची रेघ मारली. हीच त्यांची ऑर्डर लिहायची पद्धत. "नाव?"

आता प्रमोदच्या गाड्या रोज मार्केटला येतात, अर्धी पंचवटी त्याला ओळखते. नाव फुटलं म्हणजे संपलं! म्हटलं, "नाव राहू द्या. दिंडोरीचा जावई एवढंच लक्षात ठेवा."

"बरं. अन् नकाशा इथं टिकायचा नाय, ठिणगी पडती. सूनबाई वर ऱ्हाती, तिच्या मोबाइलवर फोटो टाका. काय बदल केला तरी तिलाच टाका, ती मला चिठ्ठी देती."

घरी आलो. जेवताना वाटलं, सव्वातीन म्हणजे फारच कंजूषपणा झाला. साडेतीन केलं, फोटो काढला, सूनबाईंना पाठवला. खाली लिहिलं: 'दिंडोरीच्या जावयाकडून. नाव गुप्त ठेवावे.'

आठ दिवसांनी दुकानात गेलो, तर भिंतीवर दोन रेघा!

"ही तुमची सव्वातीन," रामभाऊ म्हणाले. "अन् ही दुसऱ्याची. साडेतीन. तो बी दिंडोरीचाच जावई हाय म्हनं. फोनवर ऑर्डर आली. पितळंवर द्राक्षाचं पान पायजे त्याला."

दिंडोरीचा दुसरा जावई! साडेतीन! आणि पान? माझं पान?

इथे शहाण्या माणसानं एक साधा प्रश्न विचारला असता, की माझ्या साडेतीनच्या फोटोचं काय झालं? पण मी शहाणा नव्हतो, मी जळत होतो. मला एकच दिसलं: हातात असला चाकू असताना या प्रमोदला दुसरा कशाला हवाय? माझा मान कायमचा खायला!

"माझं पावणेचार करा!" मी ओरडलो.

रामभाऊंनी रेघ वाढवली. घरी येऊन मी नवा नकाशा काढला, आणि म्हटलं आता पावणेचार तरी कशाला, सरळ चार. फोटो पाठवला. पुढच्या खेपेला बघतो तर दुसऱ्याची रेघ चार!

अहो, चार हा आकडा मी आमच्या डायनिंग टेबलावर ठरवला होता. तिथे कोण होतं? मी आणि वैशाली. झालं! मी बायकोवर पाळत ठेवायला लागलो. ती बहिणीशी फोनवर बोलायला लागली की मी पाणी प्यायच्या निमित्तानं दाराशी. किती पाणी प्यायलो असेन त्या दिवसांत, विचारू नका.

"तब्येत बरी आहे ना तुमची?" तिनं एकदा विचारलं.

"माझी तब्येत कशी आहे हे चांदवडला आधीच कळलं असेल!" मी म्हणालो.

तिनं कपाळाला हात लावून माझा ताप बघितला.

मग मी सापळा लावला. घरात एक शब्द बोललो नाही. ऑफिसात बसून नकाशा काढला आणि मुद्दाम मुठीच्या टोकाला एक पितळेचा मोर काढला. चाकूला मोर! कुणाच्या बापजन्मात सुचणार नाही. फोटो फक्त सूनबाईंना पाठवला आणि चार दिवसांनी दुकानात हजर.

"त्या दुसऱ्याचं काय चाललंय?" मी आपला सहज विचारल्यासारखं केलं.

"लय नखरे त्याचे," रामभाऊ वैतागून म्हणाले. "आता म्हनतो मोर पायजे."

सापडला! म्हणजे बायको निर्दोष, फितूर आहे ती सूनबाई. माझा फोटो आला की लगेच चांदवडला जातो. मी बायकोची माफी मनातल्या मनात मागितली आणि त्या दिवसापासून फोटो बंद. जे काय सांगायचं ते रामभाऊंच्या कानात.

"माझं साडेचार करा."

पुढच्या आठवड्यात वाटलं, त्यानंही वाढवलं असेल, सांगत नसतील. "पाच करा." आणि काढणीच्या पंधरा दिवस आधी, "सहा!"

रामभाऊंनी हातोडी खाली ठेवली. "सायेब, खिशातला चाकू म्हनाला होता ना? सहा इंच पातं म्हंजी मूठ सात इंच. पट्टी जाड लागंल. नखानं उघडायचा नाय."

"माझं नख बघितलंय का तुम्ही?"

"बघितलं. म्हनूनच सांगतोय."

पण ऐकेल तो मी कसला!

काढणीचा दिवस उजाडला. चाकू खिशात मावत नव्हता, म्हणून पिशवीत. सगळे बागेत चपला काढून उभे. प्रमोद माझ्या शेजारी, हात रिकामे. मला राहवेना.

"काढा प्रमोदराव, काढा. आता कशाला लपवताय?"

"काय काढू, साडूभाऊ?"

"मोर!"

"कसला मोर?"

काय अभिनय करतो, वा! मी म्हटलं, "चार इंची मोर. रामभाऊंकडचा."

"कोण रामभाऊ?" त्यानं मेहुणीकडे बघितलं, तिनं वैशालीकडे, वैशालीनं जमिनीकडे.

तेवढ्यात अण्णा म्हणाले, "जावईबापू, तुम्ही व्हा पुढं. यंदा घड तुम्ही तोडायचा. प्रमोदरावांनीच मला फोन करून सांगितलं, की गेल्या साली थोरल्या साडूंचा मान मी घेतला, बरं नाही झालं ते."

सांगा आता, अशा माणसावर जळायचं तरी कसं?

पण मान मिळाला होता! मी पिशवीतून चाकू काढला. अण्णांचा पाव्हणा म्हणून आलेला एक म्हातारा दोन पावलं मागे सरकला. मी नख खाचेत घातलं. जोर लावला. पातं हललं नाही. आणखी जोर लावला. नख हललं! अशी कळ गेली की म्हसोबा आठवला, आणि तो तर समोरच होता.

"ट्रॅक्टरमधली पक्कड आणू का?" मेहुण्यानं विचारलं.

सगळे थांबलेले, व्यापाऱ्याची गाडी हॉर्न वाजवतेय, आणि मी अंगठा तोंडात घालून उभा. प्रमोद हळूच पुढे आला. त्यानं आपला जुना, तीन इंची चाकू उघडला आणि मूठ माझ्या हातात दिली. अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "घ्या साडूभाऊ. तोडा तुम्हीच."

घड मीच तोडला. त्याच्या चाकूनं. टाळ्या झाल्या. फोटोपण काढला. एवढी लाज मला दहावीच्या निकालालासुद्धा वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अंगठ्याला पट्टी बांधून तणतणत रामभाऊंकडे गेलो. तिथे फळीवर तो मोराचा चाकू होता. तयार, पुसून ठेवलेला. मी उचलला. काय देखणा होता! आणि पातं नखानं असं उघडलं की काय सांगू, लोणीच. माझं डोकंच फिरलं.

"रामभाऊ, हा अन्याय आहे! त्याला असा आणि मला तसा?"

"तुमीच म्हनाला सहा इंच! अन् त्यो दुसरा तर न्यायलाच आला नाय. आठ दिस झाले. सूनबाई!" त्यांनी वर हाक मारली. "त्या मोरवाल्याला फोन लाव बरं!"

सूनबाई मोबाइल घेऊन खाली आल्या. वही बघून नंबर लावला. आणि माझा खिसा वाजायला लागला.

मी लगेच उचलला नाही. म्हटलं, आधी प्रमोदचं काय ते कळू दे.

"रिंग जातेय," सूनबाई म्हणाल्या. "उचलत नाहीत."

रामभाऊ माझ्या खिशाकडे बघत होते. सूनबाई माझ्या खिशाकडे बघायला लागल्या. मग मीही बघितलं. दुसरं काय करणार? काढला फोन, कानाला लावला, म्हणालो, "हॅलो."

समोर उभ्या असलेल्या सूनबाई एकदम मोबाइलमध्ये म्हणाल्या, "दिंडोरीचे जावई ना? तुमचा चाकू तयार आहे."

दोन्ही चाकू घेऊन घरी आलो आणि वैशालीला सगळं सांगून टाकलं. ती पाच मिनिटं ओट्याला टेकून हसली. मोराचा चाकू तिनं ठेवून घेतला, रोज त्यानं पेरू कापते. माझा सहा इंची माळ्यावर आहे, अजून उघडलेला नाही.

आणि खरं सांगू? ती तो चाकू उघडते ना, तेव्हा अजूनही त्या दुसऱ्या जावयाबद्दल माझ्या मनात पहिलं हेच येतं, "काय नशीब काढलंय लेकाच्यानं!"