करडईच्या तेलातली कांडी

नांदेडहून निघताना पिशवीत टॉवेल आणि त्यात गुंडाळलेली काचेची कांडी, एवढंच सामान होतं. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. उदगीरचे माझे मित्र बसवणप्पा गुरुजी यांच्या शाळेला अकरावी विज्ञानाचा वर्ग हवा होता. नव्यानंच झालेल्या लातूर जिल्ह्याचे शिक्षण खात्याचे साहेब प्रयोग बघून मंजुरी देणार होते. "न्हाई मिळाली तर पोरींचं शिक्षण दहावीलाच बंद बघा," गुरुजी म्हणाले होते. "बाहेरगावी कोण धाडतंय?"

अहमदपूरपर्यंत एसटीत कांडी छातीशी धरून उभा होतो. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "बासरी हाय का?"

समजावण्याचं त्राण नव्हतं. "हाव," म्हटलं.

"वाजवा की मग!"

उदगीर येईपर्यंत ते माझ्यावर रुसून बसले.

शाळेत टेबलावर दोन बरण्या होत्या. एकीत करडईचं तेल, दुसरीत पाणी. दुष्काळाचे दिवस, ते पाणी गुरुजींनी घरून जपून आणलेलं. कांडी पाण्यात दिसते, तेलात गायब होते, असा बेत. साहेब जीपमधून घामाघूम उतरले, पाण्याची बरणी उचलली आणि घटाघटा रिकामी केली. पाहुण्याला पाणी पिऊ नका कोण म्हणणार? टँकर तर संध्याकाळी येणार होता.

मी चरफडत कांडी तेलात सोडली. ती दिसेनाशी झाली.

"प्रकाश म्हणजे विजेची आणि चुंबकत्वाची लहर," मी सांगू लागलो. "तिच्यामुळे पदार्थातले विद्युतभार हलतात. ते जितकी दाद देतात, तितका प्रकाश आत रेंगाळतो. त्या रेंगाळण्याचं माप म्हणजे अपवर्तनांक. ही काच आणि हे तेल सारखीच दाद देतात, म्हणून शीव ओलांडल्याचं प्रकाशाला कळतच नाही."

"पण कांडी आत आहे कशावरून?" म्हणत साहेबांनी बरणीत हात घातला, कांडी काढली आणि हात धुवायला पाणी मागितलं. सगळे रिकाम्या बरणीकडे बघत राहिले.

शेवटी तेलकट हातानंच त्यांनी मंजुरीचा कागद उचलला. मधोमध हा मोठा डाग पडला.

"गेला कागद. आता दुसरा टाइप करून आणायचा," साहेब म्हणाले.

"टाइपरायटर अजून जुन्या जिल्ह्यालाच, उस्मानाबादेत हाय, सायेब," त्यांच्यासोबत आलेला कारकून पुटपुटला. गुरुजींचा चेहरा पांढरा पडला.

मी कागद खिडकीशी धरला. "बघा साहेब, कागदाच्या तंतूंमधल्या हवेची जागा तेलानं घेतली. तंतूंचा आणि तेलाचा अपवर्तनांक जवळपास सारखा, म्हणून प्रकाश आरपार येतोय. तुमच्याच हातून प्रयोग झाला."

साहेबांनी डागाला डोळा लावला. पलीकडे व्हरांड्यात उभ्या दहावीच्या पोरी त्यातून पुसट दिसत होत्या. साहेबांनी डाग सोडून शेजारी सही केली.

सरकारी कागदातून पलीकडची माणसं दिसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली. मला फार बरं वाटलं.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं टॉवेलकडे बघून विचारलं, "बासरी का?"

या वेळी मला ती खरंच वाजवावीशी वाटली.