सूर्याचे अर्घ्य आणि डोंगरावरचा बर्फ
स्कॉटलंडमध्ये मुलाकडे असताना मी रोज सकाळी नदीकाठी सूर्याला अर्घ्य देत असे. तेथील पुलावर सॅमन माशांची राखण करणारा एक वृद्ध रखवालदार दुर्बिणीने समोरचा डोंगर न्याहाळत उभा असे. त्याचे नाव मी कधी विचारले नाही. त्या वर्षी मार्च आला तरी शिखरावर बर्फाच्या दोन-तीन रेघाच होत्या. बर्फ साठला नाही तर उन्हाळ्यात नदी आटेल, मग अंडी घालायला मासे प्रवाहाविरुद्ध वर चढणार कसे, हा त्याला घोर.

एकदा माझ्या ओंजळीकडे पाहून तो म्हणाला, "अहो, त्या सूर्याला इतकं खूश करू नका! माझा उरलासुरला बर्फ तोच खातोय."

मी हसलो, पण त्या दिवशी अर्घ्य सोडताना हात अडखळला.

आठवड्याने सकाळी दार उघडले, तो काय! अवघा डोंगर शुभ्र, आणि वरून अजून हिम झरतच होते. मी लगबगीने पूल गाठला. टोपी काढून तो उघड्या डोक्यावर बर्फ झेलत होता.

"पाहिलंत?" तो ओरडला. "तुमचे सूर्यमहाराज आज आलेच नाहीत! आता पाणी कुणाला देणार?"

मी काठावर उतरून ओंजळ भरली आणि डोंगराकडे वळलो. दुर्बीण ठेवून तोही खाली आला आणि त्याने माझ्याशेजारी ओंजळ धरली. तिच्यात पाणी नव्हते. आकाशातून तिच्यात बर्फच पडत होता.