बोर्डावरचा बॅनर

हे गेल्यानंतर घाटकोपरच्या आमच्या गल्लीतून त्यांची स्कूटर कोणी हलवलीच नाही. महिन्याभरात त्यांच्या मोबाईलवर दंड आला. मैदानात कार्यक्रम होता त्या दिवशी गल्लीत रहिवाशांच्या पासाशिवाय गाडी लावली म्हणून. जिवंतपणी ह्यांना एकदाही दंड झाला नव्हता. गेल्यावर तो डाग लागू नये, म्हणून चारचौघांत तोंड न उघडणारी मी वाहतूक चौकीत गेले.

"मालकांना पाठवा ना मावशी," हवालदार म्हणाला. "पासाशिवाय गाडी लावू नका, असा खांबावर एवढा मोठा बोर्ड आहे, दिसला नाही?"

मी खांबाचा फोटो दाखवला. मंडळवाल्यांनी त्यावर ह्यांचाच श्रद्धांजलीचा बॅनर बांधला होता.

"बोर्ड ह्यांच्या मागं आहे, साहेब."

त्यानं दंडाचा नंबर लिहून घेतला. मग म्हणाला, "रद्द करायला लावतो. पण बॅनर आजच उतरवा."

स्टुलावर चढून दोऱ्या मीच सोडल्या. त्यांचा चेहरा खाली आला आणि मागचा बोर्ड उघडा पडला.

दंड रद्द झाला. पण त्या खांबापाशी आले की अजून वाटतं, हे बोर्डाच्या मागं उभे आहेत. मी पदर सावरते.