पावती क्रमांक ९९९१

मलकापुरात तीस वर्षं गणित शिकवताना मी लोकांच्या नवसांची भरपूर टिंगल केली. परीक्षेआधी शेगावला जाऊन आलेल्या पोरांना तर मी मुद्दाम फळ्यापुढे उभं करायचो. असा मी, गेल्या वर्षी लॅबच्या बाकावर बसून एका संख्येला नवस बोललो.

बायकोच्या छातीतली गाठ काढून तपासायला दिली होती आणि आम्ही दोघं रिपोर्ट घ्यायला आलो होतो. खिडकीतल्या मुलीने पंधरा मिनिटं बसायला सांगितलं. पावतीवर नंबर होता ९९९१. दिसायला अगदी मूळ संख्या. मनात आलं, ही कशानेच भागली नाही तर गाठ साधी निघेल. स्वतःची लाज वाटली, पण तोवर पेन खिशातून निघालं होतं.

शेवटी एक आहे, म्हणजे दोन आणि पाच बाद. अंकांची बेरीज अठ्ठावीस, तीनही बाद. सातने भागून दोन उरले. वर्गमूळ शंभराच्या किंचित आत, म्हणजे शंभराखालच्या पंचवीस मूळ संख्यांनी भागून पाहिलं की निकाल लागणार. बाकी उरली की जीवात जीव यायचा आणि मी पुढचा भागाकार मांडायचो. संख्या मूळ आहे की नाही, हे माझ्या भागाकाराआधीच ठरलेलं होतं. रिपोर्टच्या पाकिटातल्या कागदाचंही तसंच. मला भीती वाटत होती ती याचीच.

एकोणनव्वदने भागून तेवीस उरले. आता फक्त सत्त्याण्णव राहिली. मी पेनाला टोपण लावलं. असं अर्धवट उत्तर लिहिणाऱ्याला मी शून्य दिलं असतं.

"काय लिहून राह्यले?" बायकोने विचारलं.

"हा नंबर तपासला. मूळ संख्या हाय," मी म्हणालो.

तिने पावती घेऊन पाहिली. "मूळ कशी? शंभरचा वर्ग वजा तीनचा वर्ग. सत्त्याण्णव गुणिले एकशे तीन. तुमची ट्यूशन सैपाकघरात वीस वर्षं ऐकली मी. मले काऊन खोटं सांगून राह्यले?"

हाच प्रश्न मी दरवर्षी पोरांना फसवायला घालायचो. त्या दिवशी भीतीने तो मला ओळखूच आला नाही.

तेवढ्यात आमचा नंबर पुकारला. मी बाकावरच बसून राहिलो. तीच खिडकीशी गेली, तिथेच उभ्या उभ्या पाकीट उघडलं, वाचलं आणि कागदाची घडी घातली.

"साधी हाय. चला घरी," ती म्हणाली. माझ्याकडे न पाहता.

मला धीर यायला हवा होता. पण धीरासाठी माणूस किती सहज खोटं बोलतो, हे मी पाच मिनिटांपूर्वीच दाखवून दिलं होतं. मी तिच्या हातातून कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. शेवटच्या ओळीपर्यंत थांबलो नाही. ती खरं बोलली होती.